न दुखणारा चट्टा

माझे वडील संस्कृतचे शिक्षक होते. वाद घालायचा तर पूर्वपक्ष असा मांडावा की समोरच्याला वाटलं पाहिजे, हा माझाच वकील. मग उत्तरपक्षाला हात घालावा, असं ते सांगत. मी संस्कृत सोडून दातांकडे वळलो आणि तालुक्याच्या गावी अठ्ठावीस वर्षं लोकांच्या तोंडात बघत बसलो. तरी ती शिस्त अंगात राहिली आहे. म्हणून ज्या मताशी मला भांडायचं आहे ते आधी इमानानं मांडतो.

पूर्वपक्ष असा : आपल्याकडे तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण उशिरा येतात, कारण लोकांना माहीत नसतं. तंबाखूनं काय होतं ते ठाऊक नाही, किंवा ठाऊक असून फिकीर नाही. तेव्हा उपाय जनजागृतीचा. ३१ मे आला की प्रभातफेरी काढा, पथनाट्य करा, शाळेत शपथ द्या, पुडीवर भीषण चित्र छापा. लोक जागे झाले की आपल्या पायांनी दवाखान्यात येतील.

हे मत काही वाईट माणसांचं नाही. मंत्री हेच बोलतात, वर्तमानपत्रांचे अग्रलेख हेच लिहितात, आणि दहा-बारा वर्षं मीही रोटरीच्या सभेत हेच बोलत होतो. प्रश्न मोठा आहे याबद्दल कोणाचंच दुमत नाही : २०२० सालच्या आंतरराष्ट्रीय अंदाजाप्रमाणे भारतात त्या एका वर्षात ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ३५ हजार नवे रुग्ण आणि ७५ हजार मृत्यू. एवढ्या मोठ्या आकड्याला सोपं कारण सापडलं की माणूस सुटकेचा श्वास टाकतो, आणि ‘अज्ञान’ हे फार सोयीचं कारण आहे. ते नेहमी दुसऱ्याचं असतं.

आता उत्तरपक्ष. केंद्र सरकारनं २०१६-१७ साली प्रौढांमधल्या तंबाखूसेवनाची दुसरी देशव्यापी पाहणी केली. चघळायच्या, लावायच्या तंबाखूनं गंभीर आजार होतो असं मानणाऱ्या प्रौढांचं प्रमाण त्यात निघालं ९५.६ टक्के. शंभरातले पंचाण्णव. त्याच पाहणीत महाराष्ट्रात धूररहित तंबाखू घेणारे प्रौढ होते २४.४ टक्के, म्हणजे चारांतला जवळपास एक. दुसरी पाहणी राष्ट्रीय कुटुंब आरोग्याची, पाचवी फेरी, २०१९-२१. तीस ते एकोणपन्नास वयाच्या लोकांना विचारलं होतं, कॅन्सरसाठी तुमचं तोंड कधी कोणी तपासलं आहे का? बायकांमध्ये ०.९ टक्का, पुरुषांमध्ये १.२ टक्के ‘हो’ म्हणाले.

माहीत शंभरातल्या पंचाण्णवांना, आणि तोंड तपासलेलं शंभरातल्या एकाचं. मधल्या चौऱ्याण्णवांना आणखी एक पथनाट्य दाखवून काय होणार?

कोणी म्हणेल, माहीत असणं आणि पटणं यात अंतर असतं. असतं ना. पण मग त्या अंतराचं कारण शोधायला हवं. ते मला एका टेम्पोवाल्याच्या तोंडात सापडलं.

चाळिशीतला माणूस. दाढेत किडीनं खड्डा पडला होता, तो भरून घ्यायला आला होता. डाव्या गालाच्या आत, खालच्या हिरडीलगतच्या खाचेत मला एक पांढुरका पट्टा दिसला. अंगठ्याच्या नखाएवढा रुंद, कडा वेड्यावाकड्या, वरून थोडा सुरकुतलेला, जणू दुधावरची साय गालाला चिकटून वाळली आहे. कापसाच्या बोळ्यानं पुसला, निघाला नाही. बोट फिरवलं. मऊच होता, कडकपणा नव्हता. ‘इथं काय ठेवता?’ म्हणून विचारलं. तो हसला. ‘मावा. बार इथंच असतो डॉक्टर, पंधरा वर्षं झाली.’ मी म्हटलं, हे साधं नाही, तुकडा काढून तपासायला हवा. त्याचं उत्तर मी त्या दिवशीच वहीत टिपून ठेवलं : ‘पुडीवरचं चित्र बघितलंय की मी. तसं थोडंच आहे हे?’

त्याला कॅन्सर माहीत होता. चित्रातला. गालाला भोक पडलेला, जबडा उघडा पडलेला, पू आलेला. आपल्याकडे चित्रं सुरू झाली २००९ च्या ३१ मेला, तेव्हा चघळायच्या तंबाखूच्या पुडीवर होता विंचू. कर्करोगातला कर्क म्हणजे खेकडा. सरकारी चित्रात विंचू कुठून शिरला हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. पुढे विंचू गेला, माणसांची तोंडं आली, आणि १ एप्रिल २०१६ पासून पुडीच्या दोन्ही अंगांचा ८५ टक्के भाग इशाऱ्यानं व्यापला. ही चित्रं नव्यानं व्यसन लावून घेणाऱ्याला रोखायला उपयोगी असतील, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पंधरा वर्षं बार भरणाऱ्याला ती नकळत एक उलटा धडा शिकवतात : कॅन्सर असा दिसतो, माझं असं नाही, म्हणजे मला नाही. जिथून परत फिरता येत नाही तो मुक्काम आपण सगळ्यांना दाखवला, आणि जिथून फिरता येतं तो कोणालाच दाखवला नाही. शिवाय माव्याला पुडीच नसते. पानटपरीवाला सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या कागदात घोळून देतो. विदर्भात खर्रा तसाच. त्या कागदावर इशारा छापणार कोण?

जिथून परत फिरता येतं तो मुक्काम दिसतो तरी कसा? पांढरा चट्टा, जो घासून निघत नाही. लाल, मखमलीसारखा चट्टा, जो दिसायला पांढऱ्यापेक्षा बिचारा वाटतो आणि असतो जास्त धोक्याचा. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम. काही कारण नसताना हलायला लागलेला दात. दात काढल्यावर बुजत नसलेला खड्डा. आवळत चाललेलं तोंड. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे : सुरुवातीला यातलं बहुतेक काही दुखत नाही. तिखट लागलं तर जरा झोंबतं, एवढंच. आणि दुखणं हा आपल्याकडे डॉक्टरकडे जायचा परवाना आहे. रोजंदारीवरचा माणूस न दुखणाऱ्या गोष्टीसाठी दिवसाची मजुरी बुडवत नाही; त्याला बेफिकीर म्हणणाऱ्यानं स्वतः ताप नसताना कधी दवाखान्याची पायरी चढली आहे का, ते आठवावं. अंगावर काढणं हा गरिबाचा हिशेब असतो. तो चुकीच्या आकड्यावर केलेला असला तरी हिशेबच असतो.

‘दुखत नाही, म्हणजे काही नाही’ या विधानाचं खंडन नैयायिकांनी फार पूर्वी करून ठेवलं आहे, ही गंमत मला उशिरा कळली. जमिनीवर घडा दिसत नाही म्हणून तो नाही, असं म्हणता येतं, पण केव्हा? उजेड असेल, डोळे धड असतील आणि घडा असता तर दिसलाच असता, तेव्हाच. अंधारात घडा दिसला नाही यावरून काहीच सिद्ध होत नाही. वडील याला योग्यानुपलब्धी म्हणत. जी वस्तू असती तर नक्की जाणवली असती, तिच्याच न जाणवण्याला पुरावा म्हणायचं. तोंडातला सुरुवातीचा चट्टा असतानाही दुखत नाही. तेव्हा त्याचं न दुखणं हा कशाचाच पुरावा नाही.

आता दुसरा पूर्वपक्ष, घराघरातला : ‘उष्णता झालीय.’ तोंड आलं की पोट साफ नाही, जागरण झालं, तिखट जास्त झालं, उष्णता वाढली. मग जाईचा पाला चावा, गुलकंद खा, सब्जा प्या, ग्लिसरीन लावा; दवाखान्यात गेलात तर बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या. मी जाईच्या पाल्याची टर उडवणार नाही, माझ्या आईनं तो मला खायला लावला आहे. साधं तोंड येणं, म्हणजे ओठाच्या किंवा गालाच्या आत पिवळसर टिकली आणि भोवती लाल कडं, हे खरंच असतं आणि आठ-चौदा दिवसांत कशानंही बरं होतं, पाल्यानं, गोळीनं किंवा काहीच न करता. बारकावा असा की ते भयंकर दुखतं, आणि आज इथं तर पुढच्या खेपेला तिथं, असं फिरतं. म्हणजे आपली घरगुती अक्कल इथं बरोबर उलटी चालते : जे ठणकतं आणि जातं, ते बहुधा निरुपद्रवी, जे गप्प बसतं आणि जागा सोडत नाही, त्याच्यावर नजर ठेवायची. पाल्यानं नुकसान होत नाही. नुकसान होतं कॅलेंडरनं. पाला पंधरा दिवस, गोळ्या महिनाभर, मग दुसरी मलमं, मग सणवार, मग ऊस तोडणी. आणि चट्ट्याला या कशाचीच घाई नसते.

उशीर करणारा नेहमी रुग्णच असतो, या समजुतीचाही इथंच समाचार घेतो, कारण त्यात मी स्वतः आरोपी आहे. व्यवसायाच्या पहिल्या वर्षांत एक शेतकरी हलणारी खालची दाढ घेऊन आला. मी ती काढली. सहज निघाली, इतकी सहज का निघाली याचा विचार केला नाही. तीन आठवड्यांनी तो परत आला, खड्डा भरत नव्हता. मी धुऊन दिला, अँटिबायोटिक बदलून दिलं. तिसऱ्या खेपेला हिरडीच्या कडेवर बोट ठेवलं आणि बोटाला कडक लागलं, वाळलेल्या पुठ्ठ्यासारखं. दाढ हलत होती, कारण खालचं हाड खाल्लं जात होतं. तो बिचारा वेळेवर आला होता. मधले आठ आठवडे माझे होते.

आणि मी एकटा नाही. ‘आ करा’ असं डॉक्टर दिवसातून पन्नास वेळा म्हणतात. टॉर्च मारतात, जीभ चमच्यानं दाबतात आणि थेट घसा बघतात. बऱ्याच दवाखान्यांत तोंड म्हणजे घशाकडे जायचा बोळ. बोळाच्या दोन्ही भिंती कोणी बघत नाही. आम्ही दातवाले दात बघतो. किडलेल्या दाढेवर डोळा खिळला की तिच्यापासून अर्ध्या इंचावरचा गाल दिसत नाही. आपल्याकडचा कॅन्सर मात्र भिंतींवरच जास्त बसतो. डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी १९४४ साली मुंबईतल्या तोंडाच्या कॅन्सरच्या लागोपाठच्या एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. पाश्चात्त्य देशांत जीभ आणि जिभेखालची जागा पुढे असते; आपल्याकडे गालाची आतली बाजू आणि हिरडीची खाच, जिथं विडा आणि बार तासन् तास मुक्काम करतो. ऐंशी वर्षांपूर्वी एका मराठी माणसानं जागा दाखवून ठेवली आहे. तिथं बघायला यंत्र लागत नाही. गाल बोटानं बाजूला ओढावा लागतो.

विचारायचा प्रश्नही आम्ही चुकीचा विचारतो. केसपेपरवर रकाना असतो : तंबाखू, होय किंवा नाही. साठीच्या आजी समोर बसलेल्या असतात. ‘आजी, तंबाखू खाता का?’ ‘नाही रे बाबा, छे!’ रकान्यात ‘नाही’. आजी खोटं बोलत नाहीत. तंबाखू खाणं म्हणजे पुरुषासारखा चुना लावून बार भरणं. त्या तर फक्त मिश्री लावतात. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटून तिची पूड करायची, आणि पहाटे चुलीपुढं बसून तर्जनीनं हिरड्यांवरून फिरवत राहायचं. एकदा पहाटे, एकदा जेवणानंतर, पुढे पुढे मन लागेना की तेव्हा. ते दात घासणं आहे. दात घासण्याला व्यसन कोण म्हणेल? ज्या बाईच्या तोंडाला तंबाखू चाळीस वर्षं रोज लागते आहे, तिची नोंद आमच्या कागदावर निर्व्यसनी अशी होते. अज्ञान नक्की कोणाचं?

तसाच एक प्रतिवादी तरुण आहे. तो म्हणतो, मी तंबाखूला हात लावत नाही, फक्त सुगंधी सुपारी. सुपारीशी आपल्याकडे कोणी भांडत नाही, कारण ती गणपती म्हणून पाटावर बसते, लग्न ठरवते, आमंत्रणाबरोबर जाते. पण पूजेतली सुपारी कोणी दिवसातून वीस वेळा चघळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा माणसात कॅन्सर घडवते, असा निर्वाळा दिला. सुपारीची खास देणगी म्हणजे तोंडातलं अस्तर आतून तंतूंनी आवळत जाणं. १९५२ साली श्वार्त्झ यांनी आफ्रिकेतल्या पाच भारतीय स्त्रियांमध्ये ते नोंदवलं, पुढच्याच वर्षी मुंबईत डॉ. जोशींनी, आणि १९५६ साली टाटा हॉस्पिटलच्या डॉ. पेमास्टरांनी अशाच तोंडांत कॅन्सर उगवताना पाहिला. माझ्याकडे येणारी पोरं या आजाराचं नाव घेत नाहीत. ती म्हणतात, ‘डॉक्टर, पाणीपुरी तोंडात जात नाही.’ स्वतःची तीन बोटं उभी धरून पुढच्या दातांमध्ये घालून बघायची. जात नसतील तर दाखवायला यायचं. सुपारी थांबवली तर आवळणं बऱ्याचदा तिथंच थांबतं, पण गेलेली बोटं सहसा परत मिळत नाहीत. बावीस वर्षांच्या मुलाला हे सांगताना जीभ जड होते.

‘आमचे आजोबा नव्वद वर्षं जगले, शेवटपर्यंत तंबाखू मळत होते’ हा युक्तिवाद मी दर आठवड्याला ऐकतो. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळा भात एकाच पाण्यात, एकाच जाळावर शिजलेला असतो. माणसं तशी शिजलेली नसतात. नव्वदीच्या आजोबांची गोष्ट सांगायला नातू आहे. पन्नाशीत गेलेल्याची गोष्ट त्या पारावर सांगणारा बहुधा कोणी नसतो.

यापेक्षा जहाल समज सुईचा : ‘तुकडा काढला की पसरतो. हात लावेपर्यंत ठीक होतं, हात लावला आणि माणूस सहा महिन्यांत गेला.’ शिकलेली माणसंसुद्धा हे कुजबुजत सांगतात. यामागे अनुभव असतो, म्हणून त्याला नुसतं ‘अंधश्रद्धा’ म्हणून झटकणं मला पटत नाही. अनुभव खरा, अनुमान खोटं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, याला शास्त्री काकतालीय न्याय म्हणतात. वर्षभर अंगावर काढलेला आजार घेऊन माणूस येतो, तेव्हा तुकडा काढणं हे आमचं पहिलं पाऊल असतं. फांदी त्याआधीच पोखरलेली असते. शरीरातल्या काही थोड्या गाठींमध्ये, उदाहरणार्थ यकृताच्या काही गाठींत, सुईच्या वाटेनं पेशी पडण्याचा लहानसा धोका असतो आणि तिथले डॉक्टर त्याप्रमाणे बेत ठरवतात, हे लपवायचं कारण नाही. पण गालातल्या चट्ट्याचा तांदळाएवढा तुकडा जागा बधिर करून घेतला म्हणून कॅन्सर पसरला, हे काही खरं नाही. तुकडा घेतला नाही तर काय आहे ते कळत नाही, आणि जे कळलं नाही त्यावर उपचार कसले करणार?

याच समजाचा जुळा भाऊ म्हणजे ‘कॅन्सर म्हणजे कॅन्सल’. झाला की संपलं, मग लवकर कळून तरी काय? डॉ. अनिल डिक्रूझ आणि टाटा हॉस्पिटलमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास इथं सांगतो. तोंडाचा कॅन्सर लहान आणि मानेत गाठ हाताला लागत नाही, अशा सुरुवातीच्या टप्प्यातले पाचशे रुग्ण. निम्म्यांची तोंडाबरोबर मानेतल्या गाठींचीही शस्त्रक्रिया तेव्हाच केली, उरलेल्यांची मानेत गाठ उगवल्यावर. तीन वर्षांनी पहिल्या गटात ८० टक्के हयात होते, दुसऱ्यात ६७.५. यातून शल्यविशारद मानेबद्दल शिकले. मी दोन गोष्टी शिकलो. एक, सुरुवातीला आलेल्या दहांतले आठ तीन वर्षांनी आपल्या घरी जेवत असतात; ‘कॅन्सल’ हा शब्द यात कुठे बसतो? दुसरी, बोटाला मोकळी लागलेली मान आतून मोकळी असेलच असं नाही, म्हणजे लवकर या शब्दातही लवकर आणि उशिरा असतंच.

इथवर मी समोरच्या फळीवर तलवार चालवली. आता आपल्याच फळीतल्या उत्साही मंडळींकडे वळतो, कारण त्यांच्याविरुद्धचा पूर्वपक्ष सर्वांत भक्कम आहे. काही अभ्यासू डॉक्टर म्हणतात : सरसकट तपासणीनं मृत्यू कमी होतात हे सिद्ध झालंय कुठे? निरोगी माणसाला घाबरवता, निरुपद्रवी पांढऱ्या डागासाठी मुंबईला पळवता. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवांच्या तज्ज्ञगटानं २०१३ साली पुरावा अपुरा असल्याचा निर्णय दिला आहे. हे सगळं बरोबर आहे. पण हाच प्रश्न तपासायला केरळात १९९६ साली तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या तेरा पंचायती घेतल्या. सातांमध्ये घरोघर जाऊन पस्तीस वर्षांवरच्या लोकांची तोंडं दर तीन वर्षांनी बघितली, सहांमध्ये नेहमीचं चालू ठेवलं. माणसं मिळून सुमारे १ लाख ९० हजार. २००५ साली निकाल आला : सगळी लोकसंख्या धरली तर मृत्यूंमधला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरत नाही. पण जे तंबाखू किंवा दारू घेत होते, त्यांच्यात तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी. पंधरा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर हा फायदा २४ टक्के राहिला.

म्हणजे टीकाकार ‘सरसकट’ या शब्दापुरते बरोबर आणि त्यापुढे चूक. ज्याच्या तोंडात कधीच काही गेलं नाही त्याच्या मागं टॉर्च घेऊन धावण्यात अर्थ नाही. ज्याच्या गालात पंधरा वर्षं बार आहे, त्याच्याकडे न बघण्याला मात्र शास्त्राचा आधार उरत नाही. अमेरिकेतला निष्कर्ष तिथल्या दवाखान्यांसाठी आहे. तिथला वाढता कॅन्सर विषाणूमुळे घशाच्या मागच्या भागात होतो, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. आपला गालावर बसतो. मला या अभ्यासातली सर्वांत मोलाची वाटते ती वेगळीच गोष्ट : तपासणारे डॉक्टर नव्हते. डॉक्टरकीचं शिक्षण नसलेले साधे पदवीधर, त्यांना बघायचं शिकवलं होतं. आणि ‘आपल्याकडे हे जमणार नाही’ म्हणणाऱ्यांसाठी : मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले डॉ. फली मेहता आणि सहकारी साठ-सत्तरच्या दशकांत पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये हिंडले, आणि १९७२ साली त्यांनी १ लाख १ हजार ७६१ गावकऱ्यांच्या तोंडांचा अहवाल प्रसिद्ध केला. तेव्हा मोबाइलचा उजेडही नव्हता. २०१६ पासून केंद्राच्या आराखड्यातही तीस वर्षांवरच्यांची दर पाच वर्षांनी तोंडतपासणी लिहिलेली आहे. कागद तयार आहे, ०.९ आणि १.२ हे आकडे त्यानंतरचे आहेत.

शिबिरांबद्दल माझं मत कडवट आहे, ते सांगूनच टाकतो. मांडव, हार, सत्कार, दिवसात पाचशे तोंडं, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. त्या पाचशेंत ज्या पंधरांना ‘पुढं दाखवा’ म्हटलं, ते गेले का, हे तिसऱ्या महिन्यात कोण विचारतं? केरळातसुद्धा संशयित ठरलेल्यांपैकी मोठा वाटा पुढच्या डॉक्टरकडे गेलाच नव्हता. पाचशे तोंडं बघून पंधरांना सोडून देण्यापेक्षा पन्नास बघून दोघांना हाताला धरून न्यावं. माझ्या ओळखीच्या एका आशाताई हेच करतात. त्यांच्या वहीत नावापुढं ‘दाखवलं का’ असा त्यांनीच हातानं आखलेला रकाना आहे, आणि तो भरल्याशिवाय त्या पान उलटत नाहीत.

घरच्या घरी बघायचं तर आरसा आणि मोबाइलचा उजेड पुरतो. कवळी असेल तर काढायची. ओठ उलटे करायचे, दोन्ही गाल बोटानं ओढून खालची खाच बघायची, जीभ बाहेर काढून दोन्ही कडा, मग टाळूला लावून खालची बाजू. शेवटी बोट फिरवायचं, कारण डोळ्याला न दिसलेला कडकपणा बोटाला लागतो. दोन मिनिटं. महिन्यातून एकदा, दाढीच्या वेळी. ज्याचा बार नेहमी डावीकडे असतो त्यानं डावीकडे दोनदा बघावं.

टेम्पोवाल्याचं राहिलं. त्यानं तुकडा काढू दिला, तोही तिसऱ्या भेटीत, बायकोनं आणून बसवलं म्हणून. अहवालात कॅन्सर नव्हता. पेशी बदलायला लागल्या होत्या, आणि बदलत्या पेशी पुढं कुठल्या वाटेनं जातील याचा नेम नसतो. तेवढा भाग काढून टाकला, चार टाके पडले. दर तीन महिन्यांनी दाखवायला ये म्हणून सांगितलं होतं, तो पाच महिन्यांनी उगवला. मावा सुटला का म्हणून विचारलं तर, ‘कमी केलाय,’ म्हणाला, आणि खाली बघितलं. गाल स्वच्छ होता.

बरोबर त्याची आई होती, कोपऱ्यात पदर सावरून बसलेली. ‘हिचंही बघा,’ तो म्हणाला. ‘दुखत काही नाही म्हणते. आणि तंबाखू तर ती खातच नाही.’ मी केसपेपर पुढं ओढला आणि तंबाखूचा रकाना तसाच मोकळा सोडला.

‘आई, सकाळी दात कशानं घासता?’